एकशे आठ बटणं

घर आवरायला काढलं की मोठ्या वस्तूंचा निकाल लवकर लागतो. कपाट कुणाला, पलंग कुणाला, हे चहा संपायच्या आत ठरतं. अडून बसतात त्या लहान वस्तू. कुलूप हरवलेली किल्ली, एकाच कानातलं, आणि बटणं. बटण टाकायला जीव होत नाही आणि ठेवायला सबळ कारण नसतं. म्हणून ते ड्रॉवरात जातं, ड्रॉवरातून डबीत आणि डबीतून डब्यात. प्रत्येक बाईच्या घरात असा एक डबा असतोच. तुमच्याही असेल, आठवून बघा.

आमच्या घरातला डबा सासूबाईंचा. त्यांना आम्ही सगळे 'बाई' म्हणायचो. बाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. त्यांची पातळं नात्यातल्या बायकांनी नेली, पुस्तकं स्थानकात दिली, जपाची माळ धाकट्या जाऊबाईंकडे गेली. डबा कुणी मागितला नाही. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला गंज, हलवला की पावसासारखा वाजणारा. तो माझ्या वाट्याला आला, म्हणजे खरं तर मागे राहिला.

बाईंनी परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलेलं होतं. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं हे पाचवं. घरदार सोडून निघा, असं ते व्रत सांगत नाही. ते एवढंच विचारतं, की बाई गं, तुला किती पुरे? आकडा तूच ठरव आणि मग तो पाळ. बाईंनी एका वहीत आकडे लिहून ठेवले होते. पातळं बारा. चपलांचा जोड एक. शाल दोन. भाऊबीजेला तेरावं पातळ आलं की बारांपैकी एक त्याच दिवशी घराबाहेर पडायचं. संध्याकाळ होऊ द्यायच्या नाहीत.

नातवंडं चिडवायची, "बाई, बटणं किती ते वहीत लिहिलंच नाही तुम्ही!"

बाई म्हणायच्या, "बटनं माझी नाहीत रे बापा. शर्टांची आहेत."

त्यात गंमत होती तसा एक नियमही होता. जो कपडा दुसऱ्याला द्यायचा, तो सगळ्या बटणांसकट द्यायचा. बोहारणीला द्यायच्या शर्टाचं एखादं बटण तुटलेलं असलं, तर बाई आधी डब्यातून जुळणारं बटण शोधून लावायच्या, मग शर्ट द्यायच्या. फक्त ज्याचं पोछ्याचं फडकं होणार, त्याचीच बटणं काढून घ्यायची. म्हणजे तो डबा फाटलेल्या कपड्यांचा होता. घालण्याजोग्या कपड्याचं एकही बटण त्यात नव्हतं.

एका रविवारी मी चादर अंथरून सगळी बटणं मोजली. सातशे त्रेचाळीस भरली. लेक म्हणाली, "मम्मी, एक तर देऊन टाक, नाही तर काहीतरी कर त्याचं. डब्यात ठेवून कुणाला दिसतात?" तिचं म्हणणं मला पटलं. देऊन टाकणं सोपं होतं, पण डब्यात आमच्या घराची पन्नास वर्षं होती. दादांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मिलच्या खाकी कपड्यांची बटणं होती. मुलांच्या शाळेच्या शर्टांची पांढरी होती. बाईंच्या बंडीची चिमुकली होती. सगळं ठेवलं तर साठा होतो आणि सगळं टाकलं तर पुसून टाकल्यासारखं होतं. मग बाईंचाच प्रश्न मी स्वतःला विचारला. किती पुरे?

उत्तर कापडानं दिलं. गुजराती घरांत भिंतीवर चाकळा लावायची जुनी रीत आहे. चौकोनी, भरतकामाचा, बहुतेक लेकीच्या आण्यातून आलेला. आम्हां खान्देशी बायकांकडे चाकळा नाही, पण गोधडी आहे. म्हटलं, गोधडीसारखा शिवलेला चाकळा करायचा. मोजून अठरा इंच बाय अठरा इंच. त्यात बसतील तेवढीच बटणं आठवण म्हणून ठेवायची आणि आकडा एकशे आठ. बाईंच्या माळेचे मणी तेवढेच होते. बाकीच्या बटणांवर आपला हक्क नाही.

आता पांडेसऱ्यात राहून कापडाला काय तोटा! जीआयडीसीत रंगाईच्या आणि छपाईच्या मिलांची रांग, आणि गल्लीतल्या घरोघरी साड्यांचे गठ्ठे. पण ते कापड पॉलिएस्टरचं. त्याचा स्वभाव निसरडा. थर एकमेकांवर बसत नाहीत, कापलं की कडा सुटत जातात. गोधडीला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच हवं. म्हणून वरच्या थराला बाईंचं एक निळं सुती पातळ घेतलं. पदर फाटला होता म्हणून ते कुणी नेलं नव्हतं. मधल्या थराला जुना पंचा दुहेरी केला आणि खाली अस्तराला यांच्या धोतराचा तुकडा. कापूस भरला नाही. भिंतीवर टांगायच्या वस्तूला ऊब कशाला? जाड थरात सुई अडते आणि चाकळा फुगतो.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी कृती सांगते. तिन्ही थर आधी धुऊन वाळवून घ्यायचे, नाही तर नंतर कमीजास्त आटतात आणि सुरकुत्या पडतात. जमिनीवर अस्तर ताणून, त्यावर मधला थर, त्यावर वरचं कापड. मधून कडेकडे हात फिरवून सपाट करायचं आणि मोठमोठे कच्चे टाके घालायचे. मग धावदोरा. मी कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन करत आत जाते. दोन ओळींत बोटभर अंतर. टाका लहान-मोठा झाला तरी चालतो, ओढ मात्र सारखी हवी. दोरा जास्त ओढला की कापड गोळा होतं. चारी बाजूंनी गोट लावायचा. मागच्या बाजूला वर एक नळीसारखी पट्टी शिवायची आणि त्यातून काठी घालायची. नुसत्या दोन कोपऱ्यांवर टांगलं तर बटणांच्या वजनानं मध्ये झोळ पडतो.

बटणं सगळ्यात शेवटी. दुहेरी दोरा घ्यायचा आणि सुई तिन्ही थरांतून आरपार काढायची, म्हणजे बटण नुसतं शोभेचं राहत नाही, थरांना धरून ठेवायचं कामही करतं. दोरा मजबूत व्हावा म्हणून काही जणी त्याला मेण लावतात. ते मेण मधमाशीचं असतं. आपल्याकडे ते चालत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. मशीनचा पक्का दोरा पुरतो.

दुपारी दारात बसून मी टाके घालत असे. एका सामायिकाएवढा वेळ, अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात मान दुखायला लागते. आमच्या गल्लीत निम्म्या बायका दुपारी दारातच असतात. कुणी साडीला लेस लावते, कुणी खडे चिकटवते, कुणी लटकते धागे कापते. सगळं नगावर. त्यामुळे मी काय करतेय, हे बघायला यायला वेळ लागला नाही. आणि मग कळलं, की आमची गल्ली म्हणजे गोधड्यांचा हिंदुस्थान आहे. बिहारची एक जण म्हणाली, आमच्याकडे हिला सुजनी म्हणतात. बंगालची कांथा. कच्छकडच्या बाईनं रल्लीचं नाव घेतलं. नगर जिल्ह्याकडे वाढलेली मराठी शेजारीण म्हणाली, माझी आजी वाकळ म्हणायची. नाव वेगळं, पण फाटलेल्यावर फाटलेलं ठेवून धावदोरा घालायचा, ही अक्कल सगळीकडच्या बायकांना आपली आपण सुचलेली.

समोर राहणारी ओडिशाची आहे, गंजाम जिल्ह्यातली. नवरा लूमवर. ती साड्यांना खडे चिकटवते. तिनं माझं काम उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "भाभी, इसका एक पीस का कितना मिलेगा?"

मी म्हटलं, "कुछ नहीं. घर के लिए है."

तिला ते खरं वाटेना. "इतना टाइम लगा के?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिला मिनिटाचे पैसे मोजावे लागतात, तिला बिनपैशाच्या टाक्याचं काय सांगायचं? तरी ती रोज येऊन पाच मिनिटं बसायची. तिच्या राज्यात पिपली नावाचं गाव आहे, पुरीच्या वाटेवर. तिथं कापडावर कापड लावून जगन्नाथाच्या रथयात्रेसाठी चांदवे करतात. ते मी वाचलेलं तिला सांगितलं, तर म्हणाली, "मालूम है ना भाभी, हम तो वहीं से हैं," आणि हसली. गंजामहून पिपली काही जवळ नाही. पण सुरतेत आलं की सगळं राज्यच आपलं गाव होतं. आम्ही नाही का, धुळ्याच्या, नंदुरबारच्या, जळगावच्या बायका इथं एकमेकींना गाववाली म्हणत!

खरी अडचण पुढे आली, बटणं निवडताना. ढीग लावत होते. प्लास्टिकची एकीकडे, लाकडी एकीकडे, पत्र्याची आणि कापड चढवलेली एकीकडे. त्यात अकरा बटणं वेगळी निघाली. पांढरी, पण उजेडात फिरवली की गुलाबी-हिरवी झाक मारणारी. गालाला लावली तर थंडगार. हातात घेतली तर प्लास्टिकपेक्षा जड. पाठ थोडी खडबडीत, एकीवर तपकिरी डाग. ती शिंपल्याची होती. दादांच्या लग्नातल्या कोटाच्या आत घालायच्या सदऱ्याची, असं हे म्हणाले.

शिंपल्याचं बटण मानवजातीला फार जुनं. मोहेंजोदडोला सापडलेलं शिंपल्याचं बटण जगातल्या सगळ्यात जुन्या बटणांत गणलं जातं. शोभाही मोठी. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आदिवासी लोकरीच्या घोंगड्यांवर अशा बटणांच्या रांगांनी आपल्या कुळाची चिन्हं काढतात. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात हेन्री क्रॉफ्ट नावाचा अनाथाश्रमात वाढलेला झाडूवाला होता. त्यानं आपला अख्खा सूट शिंपल्याच्या बटणांनी भरला, लोकांचं लक्ष जावं आणि धर्मादाय कामाला पैसे मिळावेत म्हणून. हे वाचताना मला फार आवडलं होतं.

मग दुसरं वाचलं. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठावर मस्कटीन नावाचं गाव आहे. तिथं 1905 साली एका वर्षात दीडशे कोटी बटणं तयार झाली म्हणतात. नदीतले शिंपले काढायचे, गरम पाण्यात वाफवून त्यांची तोंडं उघडायची, आतला जीव काढून टाकायचा आणि कवचातून गोल चकत्या कापायच्या. नदीतले शिंपले संपत आले. पुढे प्लास्टिक आलं आणि तो धंदा बसला. प्लास्टिकला आपण एरवी नावं ठेवतो, पण इथं त्यानं जीव वाचवले हे मानायला हवं.

आता अकरा बटणांचं काय करायचं? हे म्हणाले, "तो जीव जाऊन साठ वर्षं झाली. तू नवीन विकत घेत नाहीस, मग दोष कसला?" त्यात तथ्य होतं. पण आपल्या धर्मात करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्ही मोजतात. मी मारलं नाही, मारवलंही नाही. पण तेच बटण भिंतीवर सगळ्यांत उठून दिसेल अशा जागी लावलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं "वा, काय चमक आहे!" म्हटल्यावर मी सुखावले, तर ते अनुमोदन नव्हे का? बाईंनी आयुष्यभर रेशीम नेसलं नाही. लग्नकार्यात बायका शालू नेसून मिरवायच्या, तेव्हा बाई सुती पातळात असायच्या. कोशातला किडा उकळतात, एवढंच त्या म्हणायच्या आणि दुसरीच्या शालूबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत.

पण त्याच बाईंनी ही अकरा बटणं जपून ठेवली होती, हेही खरं. कदाचित ती कशाची आहेत ते त्यांना ठाऊक नसेल. कदाचित ठाऊक असेल, आणि नवऱ्याच्या लग्नातल्या सदऱ्यापुढे व्रत थोडं बाजूला सरलं असेल. मला तो दुसरा विचार जास्त आवडला.

चार दिवस ती वाटीत पडून होती. शेवटी मी चाकळ्याच्या मागे, अस्तराला, दोन बोटांचा एक खिसा शिवला. अकरा बटणं त्यात ठेवून तोंड शिवून टाकलं. शोभेला लावली नाहीत आणि फेकलीही नाहीत. दुसरी एखादी वेगळं ठरवेल, तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं मन इथं थांबलं.

पुढच्या बाजूला काय काढायचं ते निळ्या पातळानंच सुचवलं. आमचं सगळं आयुष्य तापीच्या काठानं सरकलेलं. मुलताईहून निघते, खान्देशातून वाहते, उकाईला अडते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. सव्वासातशे किलोमीटर. बाई-दादा ताप्ती लाइनच्या गाडीनं इकडे आले ते जवळजवळ त्याच वाटेनं. म्हणून उजव्या वरच्या कोपऱ्यातून डाव्या खालच्या कोपऱ्यात अशी बटणांची नदी काढली. वर उगमाला बाईंच्या बंडीची चिमुकली बटणं. मग खान्देशाच्या भागात लाकडी आणि तपकिरी, तिथल्या उन्हासारखी. उकाईला दादांची खाकी बटणं एकमेकांना लागून, भिंतीसारखी. सुरतेला आल्यावर नदी रुंद केली, दोन पदरी, तीन पदरी. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं हे शहर बुडालं होतं. ते ज्यांनी पाहिलं, त्यांना सुरतेची तापी अरुंद काढताच येणार नाही. शेवटी समुद्र, मुलांच्या शाळेच्या शर्टांची पांढरी बटणं.

एकेक बटण लावताना एकेक नवकार म्हणायचा, असं ठरवलं. मुद्दाम असं नाही, बोटांना आकडा लक्षात राहायला बरं पडतं. घाईघाईत लावलेलं बटण सैल बसतं. नवकार पूर्ण होईस्तोवर सुई चार वेळा आरपार जाते आणि मागे गाठ बसते. तेवढा वेळ बरोबर पुरतो.

एकशे आठवं बटण लावून मी दोरा तोडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरची आली. मुठीत काहीतरी होतं. एक बटण. शाळेच्या शर्टाचं, फिकट आकाशी, चार भोकांचं. तिचा मुलगा गावी आजीकडे राहून शिकतो. दोन वर्षांत तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं. गेल्या खेपेला आणलेल्या त्याच्या जुन्या शर्टाचं हे बटण. म्हणाली, "भाभी, इसमें एक मेरा भी लगा दो. यहाँ रहेगा तो दिखेगा."

मी आकड्याकडे पाहिलं. एकशे आठ झाले होते. एकशे नऊ केले असते तर कुणी मोजायला बसलं नव्हतं. पण मग परिमाण कसलं? आणि तिला नाही म्हणायचं, तर त्या परिमाणाचा उपयोग तरी काय? बाईंचं तेरावं पातळ आठवलं. नवीन आलं की आपलं एक बाहेर.

समुद्रातलं एक पांढरं बटण मी कात्रीनं काढलं. आमच्या धाकट्याच्या शर्टाचं असावं, नक्की कोण सांगणार. त्या जागी तिचं आकाशी लावलं. लावताना ती शेजारीच बसली होती, म्हणून नवकार मनातल्या मनात म्हटला. तिनं गाठ ओढून पाहिली, पक्की आहे ना म्हणून. हातानं काम करणारी बाई आधी गाठच बघते.

चाकळा आता बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर आहे. ती येते, तेव्हा बसायच्या आधी तिकडे एकदा नजर टाकते. दराचं मात्र तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

उरली सहाशे पंचवीस बटणं. त्यांचा डबा मी आत ठेवला नाही. दारातल्या कट्ट्यावर ठेवला, शेजारी सुई-दोऱ्याची डबी. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या आठवड्यातच दोन पोरं शर्टाची फट हातानं धरून आली. गल्लीतल्या बायका येतात, ढीग पसरतात, जुळणारं बटण शोधतात आणि तिथंच लावून जातात. कुणी जाताना आपल्याकडचं एखादं टाकूनही जाते. मी काही हिशेब ठेवत नाही. बटणं माझी नाहीत, शर्टांची आहेत.